निनावी उत्तरे

निनावी पत्राला आपल्या समाजात प्रतिष्ठा कधीच नव्हती. कचेरीत आलेले निनावी पत्र साहेबाने केराच्या टोपलीत टाकावे, असा संकेत आहे. सोयरीक जुळत आली असता एखादे निनावी पत्र येऊन थडकते, घरातली पोक्त माणसे ते वाचतात, घटकाभर अस्वस्थही होतात, पण अखेर एखादी आत्याच म्हणते, "ज्याला खाली नाव घालायची छाती नाही, त्याच्या शब्दावर जुळलेले लग्न मोडायचे की काय?" आणि पत्र बंबात जाते. त्या पत्रातला मजकूर खोटाच असतो असे नव्हे. कित्येकदा तो खराही निघतो. पण सांगणारा कोण, त्याला हे कळले कसे, आणि सांगण्यात त्याचा स्वार्थ कोणता, हे समजल्यावाचून सांगितलेल्या गोष्टीचे वजन करता येत नाही, एवढे व्यवहारज्ञान आपल्याकडे चार बुके न शिकलेल्या माणसांनाही होते.

हे व्यवहारज्ञान आपण हल्ली मोठ्या आनंदाने गहाण टाकीत आहोत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे यंत्र लोकांसाठी खुले झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या परप्लेक्सिटी या कंपनीने तर उत्तर देणे हाच आपला धंदा ठरवला. पुढे मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात खुद्द गूगलनेही आपल्या यादीच्या डोक्यावर यंत्राने लिहिलेले तयार उत्तर ठेवायला सुरुवात केली. पूर्वी प्रश्न विचारला की दहा ठिकाणांचे पत्ते मिळत. आता गुळगुळीत, आत्मविश्वासाने भरलेला एक परिच्छेद मिळतो. पहिल्या जातीच्या यंत्राला मी शोधयंत्र म्हणतो, दुसऱ्या जातीच्या यंत्राला उत्तरयंत्र. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी शोधयंत्राच्या बाजूने, त्याच्या साऱ्या अवगुणांसकट, उभा राहीन. उत्तरयंत्र चुका करते म्हणून नव्हे. चुका कोण करीत नाही? उत्तरयंत्र साक्षीदारांना आतल्या खोलीत कोंडून स्वतःच साक्ष द्यायला उभे राहते, हा माझा आक्षेप आहे.

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. तेव्हा "तुमचे दुकान बसले म्हणून तुम्ही ओरडता," असे कोणी तरी म्हणणार हे मी धरूनच चालतो. माझे दुकान बसवले ते शोधयंत्राने, आणि तेही वीस वर्षांपूर्वी. ज्याचे घर मागच्याच पुरात वाहून गेले, त्याला नव्या पावसाशी वैर धरण्याचे विशेष कारण उरत नाही. उलट, ज्याने माझे गिऱ्हाईक पळवले त्याचीच वकिली मी आज पत्करली आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

तर प्रथम या अशिलाविषयी. शोधयंत्राचे काम पुस्तकाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीसारखे आहे. कोणता शब्द कोणत्या पानावर आला आहे, याची जगभरची सूची ते आधीच करून ठेवते. पण नुसत्या सूचीने भागत नाही. एका शब्दाची लाखो पाने निघाली तर वर कोणते ठेवायचे? १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी यावर जी तोड काढली, ती आम्हा ग्रंथालयवाल्यांना अगदी घरची वाटावी अशी होती. ज्या प्रबंधाचा दाखला इतर प्रबंध वारंवार देतात तो वजनदार, हे विद्वानांच्या जगातले जुने माप. तेच त्यांनी पानांना लावले. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते वर. आणि बोट दाखवणारे पान स्वतः वजनदार असेल तर आणखी वर. म्हणजे या यंत्राचा पायाच मुळी 'कोण कोणाचा दाखला देतो' या प्रश्नावर घातलेला होता.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार, असे याच दोघांनी आपल्या त्याच निबंधाच्या पुरवणीत लिहून ठेवले होते, आणि मग त्यांच्याच कंपनीने जाहिरातींवर गडगंज पैसा मिळवला. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी या कंपनीने शोधाच्या धंद्यातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निर्णय दिला. यादीतल्या पहिल्या चार ओळी विकत घेतलेल्या, पुढच्या तीन ओळी ज्याने मिक्सर डोळ्यांनी पाहिला नाही अशा माणसाने लिहिलेल्या 'दहा उत्तम मिक्सरां'च्या, आणि खरा कामाचा कागद आठव्या जागी, असा अनुभव मलाही शंभरदा आला आहे. माझा अशील साधुपुरुष नाही. तो बाजार आहे, आणि बाजारात दलाल असायचेच.

पण बाजारात दुकानावर पाटी असते! हे सरकारी खाते, हे वर्तमानपत्र, हा औषधे विकणारा, हे विद्यापीठ, आणि हे कोणी तरी हट्टी सद्गृहस्थ, जे एकाच विषयावर पंधरा वर्षे लिहीत आहेत. पाटी पाहून पायरी चढायची की पुढे जायचे ते आपण ठरवतो. उत्तरयंत्राने बाजार उठवून त्याजागी एकच खिडकी उघडली आहे, आणि खिडकीच्या आत कोण बसले आहे ते दिसू नये म्हणून काच धुरकट ठेवली आहे.

दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून चकलीचेच उदाहरण घेऊ. चकलीच्या भाजणीचे प्रमाण शोधयंत्राला विचारा. आठ-दहा बायका पुढे येतात. एक चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ सांगते. दुसरी त्यात मुगाची डाळ घालते. तिसरीला पोह्यांवाचून खुसखुशीतपणा येतच नाही. चौथी सातासमुद्रापलीकडे राहते आणि तिथल्या दुकानात कोणता तांदूळ घ्यावा ते सांगते. कोणी 'माझ्या सासूबाई' म्हणते, कोणी 'आमच्याकडे वऱ्हाडात' म्हणते. पंधरा मिनिटे मोडतात, हे खरे. पण त्या पंधरा मिनिटांत आपल्या घरच्या चवीची बाई कोण ते कळते, आणि पुढच्या वर्षीही आपण तिलाच विचारतो.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. ती मला म्हणाली, "काका, दहा बायकांच्या दहा तऱ्हा वाचत कोण बसणार? यंत्र सगळ्यांचे सार काढून देते." मी तिला म्हटले, "बाई गं, सार टोमॅटोचे करावे. भाजणीचे करू नये." तिच्या यंत्राने दिलेले प्रमाण मी पाहिले. त्यात पोहे होते, साबुदाणा होता, मूग होते, उडीद होते. सर्वांचे थोडे थोडे समाधान केले होते. ती भाजणी कोकणची नव्हती, वऱ्हाडची नव्हती, कोल्हापूरचीही नव्हती. कोणत्याच घरात ती कधी दळली गेली नव्हती. ती सरासरीची भाजणी होती. आणि मोहन जास्त होऊन चकली कढईत विरघळू लागली, तर सरासरीला कोणत्या दारात उभे राहून जाब विचारायचा?

हे असे का होते, तेही थोडक्यात सांगतो. उत्तरयंत्राच्या पोटात भाषेचे एक यंत्र असते. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभतो, एवढे ते शिकलेले असते. खरे काय हे त्याला आपल्यासारखे पडताळून पाहता येत नाही. काय शोभेल हे त्याला नेमके कळते. हा दुबळेपणा झाकावा म्हणून आता त्याला एक जोड दिली आहे. तुम्ही प्रश्न विचारलात की ते पडद्याआड जुन्याच पद्धतीचा शोध घेते, सापडलेल्या पानांतले काही उतारे पुढ्यात ओढते, आणि त्यांवरून एकजिनसी परिच्छेद रचते. म्हणजे मौज पाहा: ज्या शोधयंत्राला कालबाह्य ठरवून ही मंडळी टाळ्या पिटतात, तेच आत बसून दळण दळते आहे. फक्त दळणारीचे नाव पुसले आहे.

नाव पुसल्याने काय होते याचा जगाने मे २०२४ मध्ये पोट धरून अनुभव घेतला. गूगलचे नवे उत्तरयंत्र अमेरिकेत सुरू होऊन फार दिवस झाले नाहीत, तोच त्याने पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून त्यात थोडा डिंक मिसळण्याचा सल्ला दिला, आणि रोज एखादा लहानसा दगड खावा असे भूगर्भशास्त्रज्ञांच्या हवाल्याने सांगितले. डिंकाचा सल्ला कोणी एका टवाळाने दहा-अकरा वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहून ठेवला होता. दगडांची गोष्ट 'द अनियन' या अमेरिकन विनोदी पत्रातली होती. आता विचार करा: शोधयंत्राने हेच पान दाखवले असते तर काय झाले असते? वर 'द अनियन' हे नाव दिसले असते आणि वाचणारा हसून पुढे गेला असता. मजकुरात एक अक्षर न बदलता, केवळ बोलणाऱ्याचे नाव काढल्याने विनोदाचे वैद्यक झाले. आचार्य अत्रे एखाद्या गोष्टीचे मोठेपण सांगताना गेल्या दहा हजार वर्षांचा हिशेब मांडीत, तेव्हा सारा महाराष्ट्र हसत असे. कारण हिशेब अत्र्यांचा आहे हे त्याला ठाऊक असे. त्या वाक्यावरचे अत्र्यांचे नाव काढा आणि ते एखाद्या परीक्षार्थी मुलाच्या हातात द्या. तो ते पाठ करील.

यावर उत्तरयंत्राचे कैवारी म्हणतात, "ते जुने झाले, आता चुका कमी होतात, आणि आम्ही वाक्यामागे संदर्भाचे आकडे देतो." चुका कमी झाल्या असतील, मी ते मान्य करतो. पण त्या आकड्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील प्यू या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधील ९०० माणसांचे प्रत्यक्ष वागणे तपासले. वर तयार उत्तर नसे तेव्हा लोक शंभरात १५ वेळा खालच्या एखाद्या दुव्यावर जात. तयार उत्तर असे तेव्हा फक्त ८ वेळा. आणि खुद्द त्या उत्तरात दिलेल्या संदर्भावर बोट ठेवणारे? शंभरात एक. असा संदर्भ देवळातल्या दानपेटीवरच्या बारीक अक्षरांसारखा असतो. तो आहे एवढ्यानेच सर्वांचे समाधान होते.

आणि जो शंभरातला एक जातो, त्याला तिथे काय सापडते? कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या एका केंद्राने मार्च २०२५ मध्ये आठ उत्तरयंत्रांची परीक्षा घेतली. बातमीतला एक उतारा द्यायचा आणि तो कोणत्या पत्रातला, कोणत्या मथळ्याखालचा, कोणत्या तारखेचा, एवढेच विचारायचे. असे १६०० प्रश्न विचारले. साठ टक्क्यांहून अधिक उत्तरे चुकली, आणि बहुतेक यंत्रांनी चुकीचे उत्तरही 'बहुधा', 'कदाचित' असे न म्हणता ठणकावून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बीबीसी आणि युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून १८ देशांत, १४ भाषांत अशीच तपासणी केली. ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी मोठा दोष निघाला. ३१ टक्क्यांत दोष होता तो नेमका संदर्भाचाच. म्हणजे खाली सही नाही हे एक, आणि सही केलीच तर ती दुसऱ्याची, हे दोन.

माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून जिव्हारी लागलेली गोष्ट मे २०२५ मधली. शिकागो सन-टाइम्स या जुन्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. लेखक सारे खरे, नामवंत. पुस्तके मात्र दहा अशी, जी त्या लेखकांनी कधी लिहिलीच नाहीत! यादी करणाऱ्याने ती यंत्राकडून करून घेतली होती. मी ३१ वर्षांत अनेक पुस्तके हरवलेली पाहिली, फाटलेली पाहिली, वाचकाच्या घरी दहा-दहा वर्षे मुक्कामाला गेलेली पाहिली. पण जन्मालाच न आलेले पुस्तक कोणी मागितले आणि मी ते कपाटात शोधत बसलो, असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. आज काम करणाऱ्या ग्रंथपालांना तोही येऊ लागला आहे.

"पण वेळ वाचतो ना!" हे कैवाऱ्यांचे हुकमी पान. ते माझ्यावर टाकताना काही जण डॉ. रंगनाथनांचे नावही घेतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या या आचार्यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले, आणि त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे. मी तो नियम जन्मभर पाळला. वाचक आला, "संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी काही आहे का हो?" म्हणाला, की मी त्याचा वेळ कसा वाचवीत असे? चार पुस्तके काढून टेबलावर ठेवायची. हे चळवळीतल्या माणसाचे, हे विरोधी पक्षातल्या माणसाचे, हे पुढे कागद पाहून लिहिलेले, एवढे सांगायचे, आणि खुर्ची पुढे करायची. त्या चारही पुस्तकांना कुलूप घालून "मी वाचले आहे, माझ्याकडून ऐका" असे मी म्हणालो असतो, तर त्याचा वेळ आणखी वाचला असता. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने मात्र मला दुसऱ्या दिवशी घरी पाठवले असते, आणि ते योग्यच झाले असते.

इथवरचे म्हणणे कोणत्याही भाषेला लागू आहे. मराठीला त्याची झळ अधिक बसते, म्हणून आता आपल्या घरात येतो.

नाव-गाव विचारून मगच शब्दाला मान देण्याची आपल्याकडे एक खास परंपरा आहे, आणि ती कष्टाने उभी राहिली आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतल्या माळ्यांवरचे, वाण्यांच्या पुड्यांतून वाचलेले कागद गोळा करीत. १८९८ पासून त्यांनी जे २२ खंड काढले, त्यांना त्यांनी इतिहास म्हटले नाही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हटले. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कागद पुढे ठेवतो, तो कुठे सापडला ते सांगतो, आता तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ. केतकरांनी एकट्याच्या जिद्दीवर ज्ञानकोशाचे २३ खंड रचले. त्यांची मते विक्षिप्त वाटली तरी ती केतकरांची आहेत हे पानोपान कळते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश झाला. त्यातली नोंद उघडा, शेवटी लिहिणाऱ्याचे नाव आहे. सरकारी खर्चाने झालेल्या कोशातही ही सही गाळली गेली नाही.

आता शिवजन्माच्या तिथीचा वाद घ्या. बखरींच्या परंपरेतून आलेली वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, ही एक तिथी. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही दुसरी. तिला जेधे शकावलीचा आधार आहे आणि ती शकावली उजेडात आणली लोकमान्य टिळकांनी. कवींद्र परमानंदांचे शिवभारतही हीच तिथी देते. सरकारने १९६६ साली जाणत्या इतिहासकारांची समिती नेमली, तिचेही एकमत झाले नाही. पुढे २००१ पासून १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारी झाली. मी हा प्रश्न एका उत्तरयंत्राला मराठीतून विचारला. उत्तर चूक आले नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्याने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख दिली, आणि "काही इतिहासकारांच्या मते" दुसरी तारीख आहे, असेही सांगितले. 'काही इतिहासकार'! चारशे वर्षांची कागदपत्रे, टिळकांसारखा माणूस, जुन्या वाड्यात जपलेली ती शकावली, विद्वानांच्या दोन पिढ्यांचे भांडण, हे सर्व या दोन शब्दांत मावले. कोण, कशावरून, कोणत्या कागदाच्या बळावर, हे शोधण्याची ज्या मुलाला खाज सुटली असती, त्या मुलाची खाज या दोन शब्दांनी शमवली. मला त्या उत्तरातल्या चुकीपेक्षा त्याच्या बरोबरपणाचीच अधिक भीती वाटते.

आणि हे यंत्र मराठीत बोलते ते कशाच्या भांडवलावर? २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. मराठी विकिपीडियावर लेख आहेत एक लाखाच्या आसपास. इंग्रजीवर सत्तर लाखांच्या वर. आपल्याकडे आडातच पाणी थोडे. जे आहे ते कोणी भरले? निवृत्त मास्तरांनी, हौशी गिर्यारोहकांनी, गावचा इतिहास लिहिणाऱ्या एखाद्या पोस्टमनने, रात्री स्वयंपाकघर आवरून पाककृती लिहिणाऱ्या गृहिणींनी. पैसा यांना मिळत नव्हताच. मिळत होते ते एवढेच, की कोणी तरी शोधत शोधत दारी येई, वाचून जाई, कधी "तुमच्या गडावर मी जाऊन आलो" असे कळवी. उत्तरयंत्राने नेमका हा येणारा पाहुणा वाटेत अडवला आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेनेच ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले, की तिथे प्रत्यक्ष येणाऱ्या माणसांच्या भेटी वर्षभरात सुमारे ८ टक्क्यांनी घटल्या, आणि त्याचे एक कारण म्हणून परस्पर मिळणाऱ्या या उत्तरांकडे बोट दाखवले. मोठी वर्तमानपत्रे न्यायालयात जाऊ शकतात. न्यूयॉर्क टाइम्स डिसेंबर २०२३ मध्ये गेले. आपल्याकडे एएनआय ही वृत्तसंस्था नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आमचा पोस्टमन कुठे जाणार? तो लिहिणे थांबवील. मुंगीने वारूळ बांधावे आणि नागोबाने त्यात राहावे, हे आपण ऐकत आलो. पण नागोबाने मुंग्यांनाच हाकलले तर पुढचे वारूळ कोण बांधणार, याचा विचार नागोबाही करीत नाही. मग आडात नाही ते पोहऱ्यात यावे म्हणून यंत्रेच मराठी पाने लिहू लागतील आणि यंत्रेच ती वाचतील. ही सुरुवात झालेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी कोणत्याही सणाची माहिती शोधून पाहावी.

एका मुद्द्यावर मात्र मी कैवाऱ्यांपुढे मान तुकवतो. शेजारच्या काकूंच्या हातात रक्ततपासणीचा इंग्रजी कागद येतो. डॉक्टरांना तीन मिनिटे, मुलगा परदेशी. त्या कागदाचे छायाचित्र घेऊन त्या यंत्राला मराठीतून विचारतात, आणि ते शांतपणे, न खेकसता, समजावून सांगते. इंग्रजी येत नाही म्हणून आयुष्यभर खाली मान घालून बसलेल्या माणसाला हा केवढा आधार आहे! या आधाराची थट्टा करणारा मनुष्य मला नीच वाटेल. पण इथे यंत्र काय करते ते नीट पाहा. मूळ कागद काकूंच्या हातात आहे. त्यावर प्रयोगशाळेचे नाव आहे, डॉक्टरची सही आहे. यंत्र तिथे दुभाषी आहे. दुभाष्याला माझी ना नाही. इंग्रजी, जर्मन, तमिळ पाने त्याने मला खुशाल मराठीत वाचून दाखवावीत. माझे भांडण आहे ते दुभाषी म्हणून आत शिरलेला गृहस्थ साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश यांच्या तिन्ही खुर्च्यांवर एकदम बसतो त्याच्याशी. आणि निकाल चुकला की तो कोणत्याच खुर्चीवर सापडत नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाला असता मिळणाऱ्या सवलतीविषयी चुकीचे सांगितले. कंपनीने पैसे नाकारले, आणि आपल्या यंत्राचे बोलणे ही त्या यंत्राचीच जबाबदारी, असा बचाव ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे केला! फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला. तिथे निदान दारावर कंपनीची पाटी होती. पाचशे पानांचे तुकडे जोडून झालेल्या उत्तरामागे अशी कोणती पाटी शोधायची?

ही यंत्रे समुद्रात बुडवा असे मी म्हणत नाही. म्हटले तरी कोण ऐकतो? पण ती विकणाऱ्यांपुढे, आणि शाळा-कॉलेजांत ती आणू पाहणाऱ्या सरकारपुढे, काही गोष्टी धरून बसता येतील. वाक्यामागे आकडा नको, वाक्याच्या आधी नाव हवे: अमुक म्हणतात, तमुक म्हणतात. दोन साक्षीदारांचे जमत नसेल तर दोघांना समोरासमोर उभे करा, त्यांचे सार काढू नका. सापडले नाही तर 'सापडले नाही' म्हणा. मी हे वाक्य रोज पाच वेळा उच्चारीत असे आणि माझी नोकरी गेली नाही. जुनी यादी कोपऱ्यात लपवू नका. ज्याला पत्ते हवेत त्याला एका टिचकीत पत्तेच मिळू द्या. आणि ज्यांच्या पानांवर तुमचे दळण चालते, त्यांना पसाभर पीठ तरी द्या.

आपल्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे. ज्या वाचनालयांच्या माळ्यावर जुन्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे पडले आहेत, त्यांनी ते धूळ झटकून, लेखकाच्या नावासह आणि सालासह, सर्वांना वाचता येतील असे जाळ्यावर ठेवावेत. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासूनचा हा साठा आहे, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीला धनी आहे. घरात आजी भाजणी सांगत असेल तर ती लिहून घेताना वर तिचे नाव आणि गाव घालावे.

या लेखातले माझे म्हणणे कोणाला एकांगी वाटेल. त्याने अवश्य खोडून काढावे; संपादक जागा देतील अशी माझी खात्री आहे. उत्तर यंत्राकडून लिहून घेतले तरी माझी तक्रार नाही. खाली सही मात्र स्वतःची करावी, आणि गावाचे नाव घालावे.